अध्यक्ष महोदय, पर्वतावर धूर आहे

महाविद्यालयीन वक्तृत्व ही महाराष्ट्रातील एक स्थिर आणि सुरक्षित परंपरा असून तिचे स्थैर्य मुख्यतः तिच्या सुरुवातीवर अवलंबून असते. 'सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान अध्यक्ष महोदय, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो' एवढे म्हणून होईपर्यंत पाच मिनिटांतील पाऊण मिनिट निर्विघ्न पार पडते, पुढचे अर्धे मिनिट विषयाचे शीर्षक दोनदा उच्चारण्यात जाते, त्यानंतर एखाद्या थोर कवीच्या नावावर चार ओळी येतात, ज्या बहुधा त्या कवीच्या नसतात, आणि उरलेल्या वेळात वक्ता ज्या मताचे प्रतिपादन करतो त्या मताला सभागृहातील कोणाचाही विरोध नसतो. 'पर्यावरणाचा ऱ्हास' किंवा 'वाचनसंस्कृतीची गरज' या विषयांवर बोलणाऱ्या विद्यार्थ्यासमोर ऱ्हासाचा अथवा न वाचण्याचा पुरस्कर्ता कधीच उभा ठाकत नाही (न वाचणारे समोर पुष्कळ बसलेले असतात, पण ते तसे जाहीर करीत नाहीत). ज्या मताला प्रतिपक्षच नाही त्याच्या समर्थनार्थ आवाज चढवणे, उजवा हात उंचावणे आणि टाळ्यांसाठी थांबणे याला व्यवहारात वक्तृत्व म्हणतात, आणि त्यातून ढाल, प्रमाणपत्र व वर्तमानपत्रातील दोन ओळींची बातमी अशी त्रिविध फलप्राप्ती होत असल्याने या पद्धतीविरुद्ध तक्रार करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

युक्तिवादात्मक लेखन, म्हणजे एखादे वादग्रस्त मत मांडून, त्याला कारणे व पुरावे देऊन आणि विरुद्ध मताची दखल घेऊन वाचकाला ते पटवून देण्याचा प्रयत्न करणारे लेखन, याची अवस्था फारशी वेगळी नाही. शाळेपासून परिचित असलेला 'मोबाईल : शाप की वरदान' हा निबंध वस्तुतः अशाच युक्तिवादाची अपेक्षा करतो, शीर्षकातच दोन पक्ष एकमेकांसमोर उभे केलेले आहेत. विद्यार्थी मात्र पहिल्या पानावर शाप लिहितो, दुसऱ्या पानावर वरदान लिहितो आणि तिसऱ्या पानावर प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात हे सांगून दोन्ही पक्षांची सन्मानाने पाठवणी करतो. मराठी निबंधात आजवर एवढी नाणी उडवली गेली आहेत, पण त्यांपैकी एकही कोणत्याही बाजूवर पडल्याची नोंद नाही.

प्रतिपक्षाची ही उणीव वादविवाद स्पर्धेत भरून निघते असे कोणाला वाटेल, परंतु तेथील व्यवस्था अधिकच चमत्कारिक आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या संघात दोन विद्यार्थी असतात. एक विषयाच्या अनुकूल बाजूने बोलतो, दुसरा प्रतिकूल बाजूने, आणि दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक ढाल दिली जाते. म्हणजे जे महाविद्यालय जागतिकीकरणाचा प्राणपणाने पुरस्कार करते तेच महाविद्यालय त्याचा कडाडून निषेधही करते, आणि पुरस्कर्ता व निषेधकर्ता एकाच एस. टी. बसच्या एकाच बाकावर शेजारी बसून, एकाच सरांनी लिहून दिलेली दोन भाषणे पाठ करीत स्पर्धेच्या गावी पोहोचतात. प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी दोघांनी मिळून केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचे काही मत न मांडता दुसऱ्याचे खोडत बसणे ती वितंडा. समोरचा काय बोलला हे ऐकण्याचीच आवश्यकता नसलेली चर्चा या तिन्हींपैकी कशातही बसत नसल्यामुळे आंतरमहाविद्यालयीन वादविवादासाठी चौथा प्रकार कल्पिण्यावाचून गत्यंतर नाही.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न विशेष रंगतदार होतो, कारण या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला वाद घालता येत नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर बोली, गुजराती, हिंदी व मराठी यांची येथे रोजच्या रोज देवाणघेवाण चालते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत असून तेथे चार भाषांत घोषणा होतात, त्यामुळे गाडीला उशीर झाल्याची बातमी प्रवाशाला चार वेळा ऐकावी लागते. या जिल्ह्यातील मुलगा घरी मावची बोलतो, आठवडे बाजारात अहिराणीत भाव पाडतो, उसाच्या किंवा सुरतेच्या कामावरून परतताना मुकादमाशी गुजरातीत हिशोबाचा तंटा करतो, आणि महाविद्यालयाच्या व्यासपीठावर चढला की 'आजच्या या विज्ञानयुगात' एवढे प्रमाण मराठीत म्हणून थबकतो. मुकादमाशी बोलताना त्याच्याजवळ दावा होता, पुरावा होता आणि ऐकून न घेणारा प्रतिपक्षही होता. व्यासपीठावर यांपैकी एकही वस्तू त्याला पुरवलेली नसते, केवळ ध्वनिवर्धक दिलेला असतो.

जिल्ह्याचा सार्वजनिक इतिहासही मूक नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना सामोरे गेलेला शिरीषकुमार शाळकरी वयाचा होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहाद्यात जमीन, मजुरी आणि दारूबंदी या प्रश्नांवर उभ्या राहिलेल्या चळवळीत अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे वक्ते होते आणि दारूचे मडके फोडण्यापूर्वी ते का फोडायचे हे समजावून सांगणाऱ्या बायकाही होत्या. नर्मदाकाठच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावांनी तर धरणाच्या बुडिताच्या प्रश्नावर अधिकारी, अभियंते आणि देशोदेशीचे पाहुणे यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला. एवढा वारसा पाठीशी असताना 'वक्तृत्व-कौशल्य' या नावाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम त्यांच्या नातवंडांना शून्यापासून सुरू करावा लागतो, याचे श्रेय कोणाला द्यावे हे अभ्यास मंडळाने ठरवावे.

या अडचणीवर नाटक हा उपाय आहे, असे शिक्षणशास्त्रात सांगितले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. त्यामागचे कारण अभिनयाच्या मोहकतेत शोधण्याची गरज नाही. ते एका साध्या तांत्रिक सक्तीत आहे. नाटकातील पात्राला आपले वाक्य केव्हा बोलायचे हे समोरच्याचे वाक्य संपल्यावरच कळते, म्हणून त्याला समोरच्याचे ऐकावे लागते. वक्तृत्वात, निबंधात आणि वादविवादात ही सक्ती नाही. संसदेत ती असल्याचे नियमांत नमूद आहे. शिवाय नाटककाराला खलनायकाच्या तोंडीही शहाणपणाची वाक्ये द्यावी लागतात, अन्यथा नाटक पहिल्या अंकातच संपते. खंडन करण्यापूर्वी विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षाही चांगल्या रीतीने मांडणे, यालाच भारतीय तर्कपरंपरेत पूर्वपक्ष मांडणे म्हणतात, आणि पूर्वपक्ष न मांडता थेट सिद्धांतावर उडी मारणाऱ्याला या परंपरेत फारशी किंमत नव्हती.

अर्थात तर्कशास्त्र शिकवायला निघालेला प्राध्यापक आधी न्यायशास्त्राच्या पंचावयवी अनुमानाकडेच वळतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पंचावयवी म्हणजे पाच अवयवांचे: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. शतकानुशतके चालत आलेले उदाहरण असे की पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. मैदानी प्रदेशातील वर्गात हे पाच मिनिटांत उरकते, कारण तेथे पर्वत कोणी पाहिलेला नसतो. धडगावच्या वर्गात पर्वत खिडकीतून दिसतो आणि त्याच्यावर सतत काहीतरी चाललेले असते. तोरणमाळ परिसरातील विद्यार्थी पहिली शंका अशी घेतो की पावसाळ्यात डोंगरावर दिसते ते धुके असते, धूर नव्हे, तेव्हा हेतूच सिद्ध नाही. वाफेला धूर समजण्याच्या या घोटाळ्याचा विचार जुन्या तर्कपंडितांनी गंभीरपणे केलेला आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि पुष्कळदा प्राध्यापकांनाही नसते. दुसरा सांगतो की चैत्रात मोहाची फुले वेचण्यापूर्वी झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हा अग्नी आहे हे खरे असले तरी त्यासाठी अनुमान कशाला, तो त्याच्या मामानेच लावला आहे. तिसरी विद्यार्थिनी वसतिगृहातील गॅसच्या शेगडीचा दाखला देऊन तेथे अग्नी असूनही धूर नसल्याचे निदर्शनास आणते, आणि मग धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, हा भेद समजावण्यात पुढील दोन तासिका जातात. हाजरीपटावर या तासिकांपुढे 'शंकासमाधान' असे लिहिले जाते. वस्तुतः त्या जिल्ह्यातील सर्वोत्कृष्ट युक्तिवादाच्या तासिका असतात, आणि त्या काळात कोणीही 'अध्यक्ष महोदय' म्हणत नाही.

मराठी नाटकाला युक्तिवादाचे साधन मानणे ही काही परदेशी कल्पना नव्हे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात ग्रहांची भीती घालून कुणबी दांपत्याला लुबाडणारा जोशी आहे, त्याच्याशी वाद घालणारा पाद्री आहे, आणि या सर्वांच्या मध्ये उभा राहून प्रत्येक चलाखीवर भाष्य करणारा विदूषक आहे. शेवटी ते दांपत्य रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरवते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले, त्यावरून त्यातील युक्तिवाद कमिटीपर्यंत व्यवस्थित पोहोचला असावा असे दिसते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा महाभारतातील कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन बसवून पाहण्याचे काम प्रेक्षकांवर सोपवलेले होते. ते त्यांनी आणि त्यांच्या मागोमाग सरकारनेही इतक्या चोखपणे पार पाडले की १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. एखाद्या रूपकाचा अर्थ परीक्षकाने एवढ्या काळजीपूर्वक लावल्याचे उदाहरण आजच्या उत्तरपत्रिका-तपासणीत सापडणे कठीण आहे.

तथापि आजच्या महाविद्यालयात नाटक शिरते ते बहुधा पथनाट्याच्या रूपाने, आणि पथनाट्य शिरते ते राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात. तिसऱ्या दिवशी श्रमदान संपले की 'ऐका हो ऐका' अशी आरोळी ठोकून, एकाच रंगाच्या टी-शर्टांतील दहा-बारा विद्यार्थी वर्तुळ करतात आणि तयार संहितेतून हुंड्याचे दुष्परिणाम दाखवतात. संहिता पुण्या-नाशिककडची असते. तीत मुलीचा बाप डोक्याला हात लावून बसतो, मुलाचा बाप मोटारसायकल मागतो, सासू रॉकेलचा डबा शोधते. सातपुड्यातील भिल्ल वा पावरा गावात मात्र लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना देज द्यायचे असते, म्हणजे वधूमूल्य द्यायचे असते, आणि ते किती असावे यावर दोन्ही बाजूंचे पंच बसून निष्णात वकिलांना लाजवील अशी घासाघीस करतात. अशा प्रेक्षकांसमोर मुलीचा बाप रडू लागला की प्रथम कुजबुज होते, मग पागोटेवाला एक म्हातारा उठून वर्तुळात येतो आणि रडणाऱ्या विद्यार्थ्याला विचारतो, "पोरीच्या बापानं पैसा का द्यायचा रे भाऊ? पोरगी तर त्याची जाते ना?" या प्रश्नाला संहितेत उत्तर नसते, कारण पुढचे वाक्य सासूचे असते.

ब्राझीलमधील रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात शोषितांच्या रंगभूमीची संकल्पना मांडून 'फोरम थिएटर' हा प्रकार रूढ केला, ज्यात प्रेक्षकाने नाटक मध्येच थांबवावे, पात्राची जागा घ्यावी आणि प्रसंग वेगळ्या रीतीने सोडवून दाखवावा अशी योजना असते. प्रेक्षकाला त्याच्या जागेवरून उठवण्यासाठी बोआलांना 'जोकर' नावाचा एक मध्यस्थ योजावा लागला. सातपुड्यात प्रेक्षक न बोलावताच उठतो आणि त्याला खाली बसवण्यासाठी मध्यस्थ लागतो, एवढाच काय तो फरक. कार्यक्रमाधिकारी अशा वेळी 'बाबा, नाटक झाल्यावर बोला' असे नम्रपणे सांगतात, नाटक होते, आभारप्रदर्शन होते, चहा होतो, आणि देजाच्या वाढत्या आकड्यांपायी कर्जात जाणाऱ्या नवऱ्या मुलांचा जो खरा, तेथील, चिघळलेला वाद त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नातून निघू शकला असता तो पुढच्या वर्षीच्या शिबिरासाठी शिल्लक राहतो. पुढच्या वर्षी विषय प्लॅस्टिकबंदी असतो.

या भागात सोंगाड्या पार्टीची परंपरा जिवंत असताना असे व्हावे, हे आणखी गमतीचे. गाणी, नाच आणि विनोदी प्रसंग यांनी रात्रभर रंगणाऱ्या या आदिवासी लोकनाट्यात पात्रे ऐनवेळी वाक्ये जुळवतात, आणि प्रेक्षकांतून आलेली शेरेबाजी कानाआड न करता तिच्यावरच पुढचा विनोद बांधतात. प्रतिवादीचे बोलणे ऐकून क्षणात प्रत्युत्तर देण्याचे जे कौशल्य अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत तिसऱ्या क्रमांकावर छापलेले असते, ते या सोंगाड्याला पहाटे चारलाही असते. त्याला महाविद्यालयात बोलावले जाते ते स्नेहसंमेलनाच्या मिरवणुकीत पुढे नाचण्यासाठी.

नाटकातून युक्तिवाद शिकवण्याचा प्रयोग येथे नीट करायचा झाला तर त्याचा विषय दूर शोधावा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ग्रामसभेपुढे दावा दाखल करता येतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. आणि नियमांनुसार एकाहून अधिक पुरावे विचारात घेतले जातात, ज्यांत सरकारी कागदपत्रांबरोबर शेताचे बांध, विहिरी, दफनभूमी यांसारख्या खुणा आणि दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब यांचाही समावेश होतो. दावा, पुरावा, पुराव्याचा दाव्याशी संबंध, विरोधी हरकत आणि तिचे निरसन, म्हणजे युक्तिवादात्मक लेखनाच्या पाठ्यपुस्तकातील सर्व प्रकरणे, जिल्ह्यातील हजारो घरांत पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या एका फाईलमध्ये क्रमवार लावलेली असतात, आणि ती फाईल लावणारा मुलगा 'युक्तिवाद म्हणजे काय?' या पाच गुणांच्या प्रश्नाला मार्गदर्शिकेतील व्याख्या लिहितो.

हीच ग्रामसभा वर्गात उभी केली की प्रथम पात्रवाटपाचा तंटा होतो, कारण दावेदार व्हायला कोणी तयार नसतो आणि वनरक्षक व्हायला सगळे तयार असतात. वनरक्षकाला एन. सी. सी.च्या खोलीतून खाकी शर्ट मिळतो, हातात काठी येते आणि सर्वांना दरडावता येते. पाच मिनिटे दरडावून झाल्यावर त्याच्या लक्षात येते की दरडावणे हा हेतू होत नाही, तेव्हा तो पुराव्याकडे वळतो आणि विजयी मुद्रेने पावतीपुस्तक काढतो. "तू वीस-पंचवीस वर्षं जंगलात अतिक्रमण करतोस, १९९४ साली मीच तुला दंड केलाय, ही पावती बघ!" असे तो गरजतो, आणि दावेदार हात जोडून म्हणतो, "साहेब, एवढंच लिहून द्या, मी दुसरं काही मागत नाही." वर्ग हसतो, पण हसण्याआधी क्षणभर थांबतो, कारण दंडाची पावती हाच २००५ पूर्वीच्या ताब्याचा पुरावा ठरतो आणि विरोधकाच्या हातातील कागद दावेदाराच्या फाईलमध्ये जाऊन बसतो, ही गोष्ट अनेकांच्या घरी घडून गेलेली असते, पण तिला तर्कशास्त्रात काही स्थान असेल अशी शंका कोणाला आलेली नसते.

यानंतरची पायरी महत्त्वाची आणि नावडती आहे: भूमिकांची अदलाबदल. दावेदार झालेल्या मुलाने आता वनरक्षक व्हायचे, आणि तेही विनोदी वनरक्षक नव्हे. जंगल तुटले तर ओढे आटतात, आज एकाला दिले तर उद्या दहा जण नवी झाडे तोडून शेत काढतील, खोट्या दाव्यांत खरे दावे बुडतात, हे मुद्दे त्याने मनापासून मांडायचे. पुष्कळांना हे जमत नाही. त्यांचा वनरक्षक तिसऱ्या वाक्याला लाच मागू लागतो, कारण विरोधकाला भ्रष्ट ठरवले की त्याच्या मुद्द्यांना उत्तर द्यावे लागत नाही. ही सोय नाटकाच्या वर्गापुरती मर्यादित आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्याला मात्र ते जमते त्याचा दुसऱ्या फेरीतील दावेदार पहिल्या फेरीतल्यापेक्षा कितीतरी भारी पडतो.

मग लेखन. बोललेला प्रसंग संवादरूपात उतरवून घ्यायचा, समासातील पात्रांची नावे खोडायची, आणि नावे गेल्यावर उघड्या पडलेल्या वाक्यांना 'असे असले तरी', 'यावर कोणी म्हणेल की', 'परंतु त्याच कागदावरून असेही दिसते की' अशा सांध्यांनी जोडायचे. वनरक्षक पूर्वपक्षात विरघळतो, दावेदार सिद्धांतात, आणि ग्रामसभेत मध्येच उठून 'विषयावर बोला' म्हणणारी म्हातारी परिच्छेदबदलाच्या रूपाने शिल्लक राहते. असा निबंध भाषेच्या दृष्टीने ओबडधोबड असतो, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर असतात, पण त्यात नाणे नसते.

सार्वजनिक भाषणाचा भाग यापेक्षा अवघड, कारण तेथे शरीर आड येते. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: अवयवांनी करायचा तो आंगिक, वाणीने करायचा तो वाचिक, वेशभूषेने साधायचा तो आहार्य आणि अंतःकरणातील भाव देहावर उमटतो तो सात्त्विक. नवख्या वक्त्याचा आंगिक अभिनय दोन हातांचे काय करावे या एका समस्येभोवती फिरतो आणि आहार्य अभिनय मित्राकडून आणलेल्या, दोन मापांनी मोठ्या ब्लेझरवर भागतो. सात्त्विकाबाबत मात्र नंदुरबारचा प्रथम वर्ष कला शाखेचा विद्यार्थी रंगभूमीवरील मातब्बरांना मागे टाकतो. नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भाव, म्हणजे स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू अर्थात थरथर, वैवर्ण्य अर्थात चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू आणि प्रलय अर्थात शुद्ध हरपणे, हे नटाला वर्षानुवर्षांच्या साधनेने प्राप्त होतात असे मानले जाते. ध्वनिवर्धकासमोर प्रथमच उभा केलेला विद्यार्थी पहिले सहा भाव नाव पुकारल्यापासून अर्ध्या मिनिटात, कोणत्याही मार्गदर्शनाशिवाय आणि योग्य क्रमाने दाखवतो. हिवाळ्यात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरून वारा आला तर सातवा, अश्रूंचा, भावही सभागृहातील सर्वांना साधतो. आठव्यासाठी ग्लुकोजची व्यवस्था ठेवलेली असते.

नाटकाचा उपयोग येथे औषधासारखा सरळ होत नाही, तो आडवाटेने होतो. स्वतःच्या नावाने बोलताना कापणारा मुलगा वनरक्षकाच्या नावाने बोलताना कापत नाही, कारण फजिती झालीच तर ती वनरक्षकाची होते. हळूहळू खाकी शर्ट काढून घ्यायचा, मग काठी, मग पात्राचे नाव, आणि शेवटी मुलगा एकटाच उभा असतो, हे त्याच्या लक्षात येईपर्यंत दोन मुद्दे बोलून झालेले असतात. मुलींच्या बाबतीत हा आडमार्ग अधिकच वेगाने मुक्कामी पोहोचवतो. ज्या मुलीने वर्षभर 'उपस्थित' यापलीकडे शब्द काढलेला नसतो ती ग्रामसभेतील म्हातारीच्या भूमिकेत सरपंचाची हजेरी घेते, आणि तालीम संपल्यावरही काही वेळ घेत राहते.

उच्चारांचा प्रश्न उरतो, निदान परीक्षकांच्या मते तो उरतो. अहिराणी भाषकाच्या तोंडी 'ळ' चा 'य' होतो, 'डोळा' चा 'डोया' होतो, आणि गुणपत्रिकेत 'उच्चारशुद्धी' या रकान्यात दहापैकी चार पडतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी' तील प्राध्यापक मंजुळेचे उच्चार सुधारून पैज जिंकतो, पण त्या नाटकातील टाळ्या बहुतांशी मंजुळेच्या न सुधारलेल्या भाषेला पडत आल्या आहेत, हे वारंवार पाहूनही वक्तृत्वाच्या गुणपत्रिकेत काही बदल झालेला नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये खेड्यातील बोलीसह एकट्याने पन्नासहून अधिक पात्रे उभी केली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. तेच देशपांडे तालुकास्तरीय स्पर्धेत उतरले असते तर उत्तेजनार्थ पारितोषिकावर समाधान मानावे लागले असते, असा अंदाज करण्यास जागा आहे.

विद्यापीठाच्या 'युवारंग' महोत्सवात वक्तृत्वही असते, वादविवादही असतो, विडंबननाट्य आणि मूकनाट्यही असते. नाट्याच्या मंडपात उभे राहायला जागा नसते, तर वक्तृत्वाच्या सभागृहात पुढच्या रांगेत परीक्षक, मागच्या रांगेत संघव्यवस्थापक आणि मधल्या रांगांत आपापली भाषणे ओठांतल्या ओठांत घोळवणारे पुढचे स्पर्धक असतात, ज्यांना चालू भाषणातील एकही शब्द ऐकू येत नाही. या दोन मंडपांमध्ये एक दार काढावे ही सूचना वास्तुशास्त्रीय अडचणींमुळे नव्हे, वेळापत्रकाच्या अडचणींमुळे अव्यवहार्य ठरते.

मूल्यांकनाचे म्हणाल तर नवीन शैक्षणिक धोरणाने 'क्षमता संवर्धन' या नावाखाली अशा प्रयोगांना जागा करून दिली आहे आणि त्या जागेच्या चारही बाजूंना नमुने, प्रपत्रे व परिशिष्टे उभी केली आहेत. ग्रामसभेचा प्रयोग झाल्यावर महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' साठी अहवाल लिहिला जातो, ज्यात विद्यार्थ्यांमध्ये युक्तिवाद-कौशल्य विकसित झाले अशी प्रतिज्ञा असते आणि हेतूच्या जागी अक्षांश-रेखांश छापलेली जिओटॅग छायाचित्रे जोडलेली असतात. छायाचित्रांवरून प्रयोग नंदुरबार जिल्ह्यातच झाला एवढे निर्विवाद सिद्ध होते. ती दोन असतात, त्यामुळे एकाहून अधिक पुराव्यांची अटही पूर्ण होते. पहिल्यात सर्व विद्यार्थी प्राचार्यांसमवेत उभे असतात, दुसऱ्यात खाकी शर्टातील एक इसम हातात पावतीपुस्तक धरून ओरडताना दिसतो, आणि तो महाविद्यालयाच्या आवारात कोणाच्या परवानगीने आला, अशी विचारणा समितीकडून झाल्यास तिचे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे याची सूचना प्रपत्रात दिलेली नाही.